पुढची सीट

मावशीला उंचीची मनस्वी भीती वाटायची, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. शिडीच्या दोन पायऱ्या चढल्या की तिचे तळवे घामेजायचे. माळ्यावरचं काही हवं असलं की ती खालूनच नवऱ्याला हाक मारायची आणि तो शिडी लावता लावता पुटपुटायचा, "आभाळात फेरी मारून येणाऱ्या बाईला माळा चढवत नाही, हे बाहेर कुणाला सांगायची सोय नाही."

आभाळातल्या त्या फेरीशी तिचा संबंध आला तो शिवणकामामुळे. तरुणपणी ती नवऱ्याच्या दुकानात ताडपत्र्या शिवायची. ट्रकच्या, गोदामांच्या, तंबूंच्या. तिच्या बोटांना असे घट्टे पडले होते की गरम पातेलं ती चिमट्याशिवाय उचलायची. गावाबाहेर एक जुनी धावपट्टी होती आणि तिच्या कडेला पत्र्याचं मोठं हँगर. तिथे कुठल्याशा जुन्या युद्धातली विमानं पुन्हा उडती करायचं काम चालायचं. तिथला म्हातारा मिस्त्री, ज्याला सगळे उस्ताद म्हणायचे, एकदा फाटकी ताडपत्री घेऊन दुकानात आला. शिवून झालेली शिवण त्याने दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहिली, पुन्हा ताणून पाहिली आणि मावशीला म्हणाला, "उद्या हँगरवर ये."

त्या विमानांचे पंख कापडाचे. आत लाकडाच्या फासळ्यांचा सांगाडा आणि वरून ताणून बसवलेलं कापड. पंख उभा करायचा, एकाने अलीकडे बसायचं, एकाने पलीकडे. हातभर लांबीची सुई, तिच्यात मेण चोळलेला दोरा. सुई इकडून आत घालायची, पलीकडच्याने ती फासळीच्या कडेने ओढून परत पाठवायची. प्रत्येक टाक्याला त्याची स्वतःची गाठ, म्हणजे वर वाऱ्यात एखादा तुटलाच तर शेजारच्याला घेऊन जाणार नाही. मग लेप. त्याच्या वासाने डोकं चढायचं, पण लेप वाळला की कापड असं ताणून बसायचं की टिचकी मारली तर ढोलकीसारखं बोलायचं.

उस्तादने हँगरला एक रिवाज लावून दिला होता. नवं कापड चढवलेलं विमान पायलट आधी एकटा उडवून आणणार. त्यानंतर पुढच्या सीटवर जो पहिला माणूस बसेल, तो पंख शिवणाराच असला पाहिजे. मावशीने पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा ती सरळ घरी निघाली होती. उस्तादने तिला फाटकापाशी गाठलं.

"मला भीती वाटते हो," ती म्हणाली.

"मग तर तूच हवीस. शिवताना पोटात गोळा आला पाहिजे. ज्याला खालीच राहायचंय, त्याचा हात कधी सैल पडेल सांगता येत नाही."

उस्ताद जाऊन बरीच वर्षं झाली. मावशीचे केस पांढरे झाले. तिने शिवलेल्या प्रत्येक विमानात ती बसली. दात आवळून, पोटाशी पिशवी धरून, मनातल्या मनात उस्तादला शिव्या घालत. पण बसली.

यंदा पिवळ्या विमानाचं कापड नव्याने चढलं होतं. दोन मजली पंखांचं, दोन सीटचं. एके काळी त्यावर लष्करातली कोवळी पोरं उडायला शिकायची. वर्षातून एकदा हँगर लोकांना खुलं व्हायचं, त्या दिवशी ते सगळ्यांसमोर उडणार होतं. सकाळपासून माणसांची रीघ लागली. बाया लेकरांना कडेवर उचलून विमानांच्या नाकाला हात लावू देत होत्या. छातीवर पदकं लावलेले म्हातारे एका जाड्या लढाऊ विमानाभोवती उभे राहून एकमेकांच्या आठवणी दुरुस्त करत होते. जळक्या तेलाचा वास सगळीकडे भरून राहिला होता. कर्ण्यावरून एक निवेदक न थकता बोलत होता.

नवे व्यवस्थापक साहेब घाईघाईने मावशीकडे आले. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला सगळं वेळेत व्हायला हवं असायचं.

"मावशी, पिवळ्याच्या पुढच्या सीटवर आज प्रमुख पाहुणे बसतील. तुम्हाला मांडवात पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीय."

"कापड नवं आहे, साहेब."

"पायलट काल उडवून आलाय की!"

"तो पायलट. त्याच्यानंतर शिवणारा."

"असं कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही, म्हणून तर पाळावं लागतं."

साहेब हसले. "पुढच्या वेळी नक्की," असं म्हणून ते पाहुण्यांकडे पळाले.

मांडवात नवरा छत्री उघडून बसला होता. त्याला कळलं तेव्हा त्याने गुडघ्यावर थाप मारली. "अगं, सुटलीस म्हण! दरवेळी आदल्या दिवसापासून तुला जेवण जात नाही. आता बस इथे आरामात आणि दुसऱ्याला घाबरताना बघ."

"तुम्हाला नाही कळायचं."

"चाळीस वर्षं तेच ऐकतोय."

मावशी खुर्चीवर टेकलीसुद्धा. समोर पाहुणे आले. अंगाने भरलेले, भर उन्हात कातड्याचं नवंकोरं जाकीट घातलेले. ते पिवळ्याच्या पंखाला हात लावून फोटोसाठी उभे राहिले. तिने पाहिलं, तो हात तिच्या टाक्यांच्या ओळीवर होता. त्या शिवणीच्या भरवशावर तो माणूस आभाळात जाणार, आणि भरवसा देणारी खुर्चीवर बसून वारा घेणार. असं बसायचं असतं तर ताडपत्र्या काय वाईट होत्या? आज उठले नाही, तर पुढच्या पंखाला सुई लावायचा मला हक्क नाही, असं तिच्या मनाने घेतलं.

ती उठली. गर्दी अडवायला बांधलेला दोर उचलून पलीकडे गेली. विमान पुढे घरंगळू नये म्हणून चाकापुढे लाकडी ठोकळे लावलेले असतात, त्यातल्या डाव्या ठोकळ्यावर तिने ठाण मांडलं.

पायलट पोरगेलासा आणि नवा होता. तो मागच्या सीटवरून वाकला. "मावशी, इंजिन सुरू करायचंय."

"कर की. मी पुढे बसले की कर."

साहेब धावत आले. "हे काय मांडलंय? लोक बघताहेत!"

"बघायलाच बोलावलंय ना त्यांना?"

"संध्याकाळी तुमचा सत्कार करू. स्टेजवर, सगळ्यांसमोर."

"सत्कार खुर्चीत होतो, साहेब. मला सीट हवीय."

रखवालदाराला बोलावलं गेलं. त्याने मावशीकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि आपली टोपी काढून हातात घेतली. "मी हात नाही लावणार. घरी गेल्यावर आई मला दारात उभं करणार नाही."

कर्ण्यावर निवेदक सांगू लागला, "तांत्रिक कारणामुळे उड्डाणाला थोडा उशीर..."

"ए बाबा!" मावशी तिथूनच ओरडली. "तंत्र ठीक आहे! मी बसलेय, म्हणून सांग!"

मग कर्ण्यातून खरखर आली, "दुरुस्ती. पंख शिवणाऱ्या मावशी चाकापुढे बसल्या आहेत." दोरापलीकडे हशा पिकला, कुणीतरी शिट्टी मारली.

तेवढ्यात मांडवातून नवरा येताना दिसला. गुडघा ओढत, छत्री सावरत. मावशीने मान फिरवली. आता हा चारचौघांत समजूत घालणार. ते मात्र तिला जड गेलं असतं. नवरा तिच्यासमोरून पुढे गेला, उजव्या चाकापाशी थांबला आणि कण्हत कण्हत दुसऱ्या ठोकळ्यावर बसला.

"अहो, तुम्ही कशाला?"

"मला कळत नाही म्हणालीस ना? मग न कळताच बसलोय. लवकर उरक, गुडघा गेलाय माझा."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. जाड्या लढाऊ विमानाचं इंजिन तिकडे गुरगुरायला लागलं होतं, पिवळ्याची वेळ संपत आली होती. आता जेमतेम एकच फेरी बसत होती, आणखी ताणलं तर तीही गेली असती. त्यांचे कान लाल झाले.

"बसा!" ते म्हणाले. "पण उद्यापासून हँगरमध्ये पाऊल टाकायचं नाही."

मावशी उठून उभी राहिली. भीती वाटत होती, पण ती या बोलण्याची नव्हे. समोरच्या पंखावर चढायची.

ती चढली. पट्टा आवळला, पिशवी पोटाशी धरली. ठोकळे निघाले, गवत थरारलं आणि जमीन सुटली तशी तिने पिशवी आणखी आवळली. खाली तिने पाहिलं नाही. कधीच पाहत नसे. ती पंखाकडे पाहत राहिली. वळणावर पंख कलला, वारा कापडावर अंग टाकून रेलला, दोन पंखांमधल्या तारा सणसणल्या. टाक्यांच्या ओळी जागच्या जागी होत्या. तोंडाने ती उस्तादला शिव्या घालत होती आणि डोळ्यांतून वाऱ्याने पाणी काढलं होतं.

विमान उतरलं. पाहुणे अजून तिथेच उभे होते, जाकीट काढून हातावर घेतलेलं. साहेब दुसरीकडे बघताहेत असं पाहून त्यांनी तिला हळूच विचारलं, "वर भीती वाटते का हो?"

"वाटते. मला तर दरवेळी वाटते. पण आता तुम्ही कधीही खुशाल बसा. शिवण पक्की आहे."

साहेब पुढे आले. "मावशी, मी काय म्हणालो ते लक्षात आहे ना? उद्यापासून..."

"उद्या नाहीच येणार," पंखावरून नवऱ्याच्या खांद्याचा आधार घेत उतरता उतरता मावशी म्हणाली. "उद्या मला झोपायचंय. परवा येते. त्या कोपऱ्यातल्या विमानाचं शेपूट अजून उघडं पडलंय, आणि त्यात बसायला माझ्याशिवाय इथे कोण तयार आहे ते आधी विचारून ठेवा."