साकू म्हणणारे साहेब

जेवण झालं की साहेब ताटात तांब्यातलं पाणी ओतत, बोटांनी ताट फिरवून फिरवून धूत आणि ते पाणी पिऊन टाकत. लिंगायत घरांत ही रीत तुम्हीही पाहिली असेल. अन्न म्हणजे प्रसाद, त्याचा कण वाया घालवायचा नाही. आमच्या साहेबांच्या बाबतीत ती रीत जेवणापुरती नव्हती. सरकारकडून मिळालेला पैसाही ते असाच, ताट धुऊन प्यावं तसा वापरत. अशा माणसाच्या ताटात, त्याला न विचारता, मी जास्तीचं वाढून ठेवलं. पुढं जे घडलं ते माझ्या त्या चुकीमुळं घडलं, आणि कित्येक वर्षं मी ते कुणालाही सांगितलं नाही.

दिवस निजामाच्या राज्यातले. लोहाऱ्याजवळ शेतकी खात्याचं एक प्रयोगाचं शेत होतं. साहेब तिथले प्रमुख. मी कळंबचा, उर्दू बरं लिहीत होतो म्हणून त्यांच्या हाताखाली कारकून झालो. ते मला 'मुन्शी' म्हणत. स्वतः जळकोटकडच्या व्यापारी घरातले. घरात कानडी, शेतात मराठी आणि कागदावर उर्दू. कपाळाला विभूती, अंगात काळी शेरवानी, आणि पायांत चिखलानं जड झालेल्या वहाणा. हैदराबादचा पाहुणा आला की आधी शेरवानीकडं बघून सलाम करायचा, मग वहाणांकडं बघून हसायचा.

साहेबांना एकच ध्यास होता. कमी ओलीवर, नुसत्या थंडीवर आणि दवावर तग धरील असा शाळू, म्हणजे हिवाळी जोंधळा, त्यांना काढायचा होता. दरसाल चांगली धाटं निवडायची, त्यांचंच बी पुन्हा पेरायचं. शेजारच्या जोंधळ्याचा पराग लागून वाण बिघडू नये म्हणून फुलोऱ्याआधी निवडलेल्या प्रत्येक कणसाला कागदी पिशवी बांधायची. वाटेनं जाणारे लोक थांबून टिंगल करत.

"साहेब, जोंधळ्याला पडद्यात बसवलं का काय?"

"व्हय," साहेब गंभीरपणे म्हणत, "लग्नाच्या वयाची झालीत कणसं. कुणाची नजर नको."

दर उन्हाळ्यात पुढच्या सालचा मवाजना करायचा असे. मवाजना म्हणजे खर्चाचा अंदाज. आमचा कागद हैदराबादला खात्याच्या कचेरीत जाई. तिथं सगळ्या शेतांच्या मागण्या एकत्र होत, मग खजिन्याचा हिशेबनीस त्यांवर कात्री चालवी, आणि दसऱ्याच्या सुमारास मंजुरी येई. कात्री चालणार हे प्रत्येक कचेरीला ठाऊक होतं, म्हणून प्रत्येक कचेरी दुपटीनं मागत होती. तहसिलीतला माझा एक दोस्त मला नेहमी शहाणपण शिकवायचा. "अरे येड्या, म्हैस मागावी तवा शेळी मिळती. तुमचा साहेब शेळीच मागतो. एक दिवस कोंबडी घिऊन बसंल."

साहेबांची तऱ्हा वेगळी होती. मवाजन्याच्या आधी ते सगळ्या शेतावर फिरत. बैलवाल्याला विचारत, "नाडा अजून एक साल निघंल का?" राखणदाराला विचारत, "गोफण हाय का नवी पायजे?" मग सावलीत बसून मला मजकूर सांगत. सांगून झालं की डोळे मिटून म्हणत, "आता वाचून दाखवा." मी वाचायचो. शेवटची रक्कम ऐकली की ते हात आडवा हलवून म्हणत, "साकू." कानडीत 'पुरे'. पंगतीत वाढप्याला म्हणावं तसं. मग न बघता सही करत.

आणि नवल असं, की हैदराबादची कात्री त्यांच्या कागदाला कधीच लागली नव्हती. तिकडचे लोक म्हणत, "लोहाऱ्याचा कागद ना? जाऊ द्या." दुप्पट मागणाऱ्यांना निम्मं मिळे. साहेब लागेल तेवढंच मागत आणि तेवढंच मिळवत. हे माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं, तरी मला त्यातलं काही कळलं नव्हतं.

मग दुसऱ्या महायुद्धाचं साल आलं. कागद महागला, लोखंड मिळेना. तहसिलीतल्या दोस्तानं खबर आणली की यंदा कुणाचीच गय नाही, सगळ्यांचं सरसकट कापणार. मी घाबरलो. साहेबांच्या मागणीत कापण्याजोगं काही नसायचंच. कापलं तर ते शाळूलाच लागणार होतं. यंदा थोडं जास्त मागू, असं मी साहेबांना सांगून पाहिलं.

"मुन्शी, भूक न्हाय ते वाढून घ्यायचं अन् मग ताटात टाकायचं? आपल्याला न्हाय जमत ते."

मला वाटलं, साहेब भोळे आहेत. त्यांना वाचवणं माझं काम आहे. मी कागदात बैलांची दुसरी जोडी आणि तिच्यासाठी गोठा, अशा दोन बाबी घातल्या. कापायला काहीतरी असावं म्हणून. वाचून दाखवताना त्या दोन ओळी गाळल्या आणि त्या धरण्याआधीची रक्कम वाचली. साहेबांचे डोळे मिटलेले होते.

"साकू," ते म्हणाले, आणि सही केली.

कापलं गेलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. पण लोहाऱ्याच्या कागदात जास्तीचा गोठा पाहून हैदराबादच्या हिशेबनिसाला नवल वाटलं. दौऱ्यावर असताना तो मुद्दाम शेतावर आला. आमची बैलजोडी झाडाखाली रवंथ करत बसली होती. तिच्याकडं पाहून त्यानं विचारलं, "एक को काम नईं, दुसरी जोड़ी कायको?"

साहेबांना प्रश्नच कळला नाही. त्यानं कागद पुढं केला. साहेबांनी तो उभ्या उभ्या वाचला. अक्षर माझं होतं. मी चार पावलांवर दौत घेऊन उभा होतो. साहेबांनी वर पाहिलं, माझ्याकडं नाही, बैलांकडं.

"सही माझी आहे," ते म्हणाले.

तो गृहस्थ वाईट नव्हता. त्याचा चेहराच पडला. एवढंच म्हणाला, "आप भी, साहब?"

मी बोललो नाही. साहेबांनी मला नंतरही काही विचारलं नाही. विचारलं असतं तर कबूल झालो असतो, अशी समजूत मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःची घालत आलो. खरं म्हणजे तोंड उघडायला कुणी विचारावं लागत नाही.

त्या दसऱ्याला लोहाऱ्याच्या कागदावर पहिल्यांदा कात्री चालली. बैल आणि गोठा तर गेलेच, कणसांच्या पिशव्या आणि पाखरं राखणाऱ्यांची मजुरीही गेली. ज्यानं एक बाब फुगवली त्यानं बाकीच्याही फुगवल्या असतील, असा त्यांचा हिशेब. तो चुकीचा म्हणता येत नाही.

साहेब खचले नाहीत. निदान तसं दाखवलं नाही. साहेबांच्या पत्नी, आम्ही त्यांना अक्का म्हणायचो, त्यांनी जुनी लुगडी फाडून पिशव्या शिवल्या. कणसं रंगीबेरंगी लुगड्यांत उभी राहिली. लोक म्हणाले, "आता खरा पडदा झाला." साहेब हसले. दाणा भरायला लागल्यावर ते स्वतः राखणीच्या माळ्यावर चढून गोफण फिरवू लागले. शेरवानी काढून माळ्याच्या खांबाला टांगलेली असायची. त्यांचा नेम फार वाईट होता. एकदा धोंडा माझ्याच पायाशी येऊन पडला.

"लागलं का हो, मुन्शी?"

"न्हाय साहेब."

त्या क्षणी तो धोंडा लागला असता तर बरं, असं मला वाटलं होतं.

मग अवकाळी पाऊस आला. कागदी पिशव्या असत्या तर फाटल्या असत्या, निघून तरी गेल्या असत्या. कापडानं ओल धरून ठेवली. पिशव्या सोडल्या तेव्हा आत दाणा काळा पडला होता, बोटानं चोळला की पीठ होत होता. इतक्या वर्षांचं निवडलेलं बी त्यात गेलं. घरी राखून ठेवलेलं थोडं जुनं बी होतं, पण ते पेरायला पुढचं साल मिळालंच नाही. नव्या मवाजन्याचं उत्तर आलं, की या शेताचा काही उपयोग दिसत नाही, सबब बंद करावं.

साहेबांनी नोकरी सोडली. छकड्यात सामान भरून झालं तेव्हा मी जवळ गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मुन्शी, आता दुसरीकडं लागाल. तिथल्या साहेबाला कागद सगळा वाचून दाखवत जावा."

छकडा हलला. त्यांना सगळं माहीत होतं, हे मला त्या धुळीत उभं राहून कळलं. तरी मी छकड्यामागं धावलो नाही.

पुढं निजामाचं राज्य गेलं. मी दुसऱ्या खात्यात लागलो, संसारात पडलो. साहेब लिंगैक्य झाले, म्हणजे वारले, हे मला फार उशिरा कळलं. कळल्यावर मात्र राहवेना. जळकोटची मोटार धरली, आणि तिथून चालत त्यांच्या गावी गेलो.

अक्का थकल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं. "मुन्शी न्हवं का तुमी? बसा, जेवूनच जावा." ताट मांडलं, तांब्या ठेवला. चुलीपाशी बसून त्या भाकरी थापता थापता बोलत राहिल्या.

"लोक लई बोलले हो त्यांच्या माघारी. म्हणले, साहेबाला हाव सुटली, सरकारकडं जास्ती मागाया गेला अन् आहे तेबी घालवलं. मलाबी खरं वाटलं. एकदा भांडणात म्या बोलून गेले, दुसरी जोडी कशाला पायजे होती तुमाला?"

"मग? काय म्हणाले?"

"काय म्हणतेत? साकू म्हणले, अन् ताटावरनं उठले. अर्धी भाकर तशीच. जल्मात तेवढं एकदाच त्यांनी ताटात टाकलं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मला अजून समजंना बगा, असा माणूस जास्तीचं कसं मागतो?"

त्यांनी भाकरी उचलली आणि माझ्या ताटाकडं हात केला. मी ताटावर हात आडवा धरला.

"अक्का, आधी ऐका, मग वाढायचं का न्हाय ते ठरवा. ती जोडी साहेबांनी मागितली नव्हती. मी लिहिली. वाचून दाखवताना त्यांच्यापासून लपवली. त्यांना कळलं, तरी त्यांनी माझं नाव घेतलं न्हाय, तुमच्याजवळसुद्धा. हाव त्यांना नव्हती, अक्का. ते ताट माझ्यामुळं टाकावं लागलं त्यांना. मी चुकलो. त्यांच्यापाशी बोलायला हवं होतं, ते तुमच्यापाशी बोलतो आहे. मला माफ करा."