अब्बांच्या खिशातली स्मरणशक्तीची बाटली

मंडळी, सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

माझे अब्बा खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेत. हृदयाच्या त्रासामुळे रक्त पातळ करणारी गोळी रोज घेतात. आज दात घासताना हिरड्यांतून येणारं रक्त थांबेचना, म्हणून त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "नवीन काही सुरू केलंय?" तेव्हा अब्बांनी खिशातून स्मरणशक्तीच्या कॅप्सूलची बाटली काढली.

"यातला गिंको नावाच्या झाडाचा अर्क रक्त आणखी पातळ करू शकतो. आधी हे बंद," डॉक्टर म्हणाले. "विसरण्याची तक्रार असेल तर बी-ट्वेल्व्ह तपासू."

अब्बांना ती बाटली विकली होती आमच्याच सोसायटीतल्या एका काकूंनी. मी थेट त्यांचं दार वाजवलं.

"अगं, नॅचरल आहे ते!"

"त्यांना कुठली औषधं चालू आहेत, विचारलं होतंत?"

"मी काय डॉक्टर आहे?"

"मग कॅप्सूल कशाला विकता?"

दार माझ्या तोंडावर आपटलं.

घरी आल्यावर अब्बांवरही चिडले. "मला का नाही सांगितलं?"

ते म्हणाले, "एक दिवस तुझंच नाव विसरेन, असं वाटायला लागलं होतं. तुला कसं सांगू?"

या भीतीवर धंदा करणाऱ्यांची मला चीड येते. पण ही भीती काकूंना आधी कळली, मला नाही. तुमच्या घरी कोणी असं गुपचूप काही घेतंय का? विचारलंयत कधी?