वजीर तांडेलांच्या शिव्या

वजीर तांडेलांनी बावीस वर्षं आगबोटीवर खलाशांना हाकलं. १९३१ साली ते राजिवड्यात घरी येऊन बसले, पण हाकण्याची खोड काही जाईना. म्हणून त्यांनी खाडीकाठच्या जवान गड्यांचा फुटबॉलचा संघ काढला. स्वतः उभ्या जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता. सामने वाळूच्या पुळणीवर व्हायचे; हे कडेला छत्री उघडून उभे राहायचे आणि शिव्या घालायचे. ओहोटी कधी लागेल, ओली घट्ट वाळू कुठे उघडी पडेल, हे त्यांना तिथीवरून कळे. चेंडू तिथूनच न्यायचा, हा हुकूम. जो सुक्या वाळूत शिरेल त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होई. तीन वर्षं संघ हरला नाही, आणि ते आपल्यामुळेच, असं वजीरचाचा गावभर सांगत सुटले.

बाळा खारवी हा संघाचा वाघ. हे ऐकून त्याचं डोकं फिरलं. "धावताव आमी, गोल करताव आमी, नि मिरवताव तुमी," तो तोंडावर बोलला.

"मग रविवारी कचेरीवाल्यांशी माझ्याबिगर खेला," चाचा म्हणाले.

बोलून तर गेले. रविवारी मात्र घरात बसून विचार करत राहिले. गडी हरले तर वाईटच. पण जिंकले तर उद्यापासून आपल्याला कोण कुत्रा विचारणार? हरावेत असं क्षणभर मनात आलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. समोरचा चहा निवून गेला.

"जीव तिकडं नि धड हिकडं. जावा बघू," बायको बिल्किस म्हणाली. चाचा जागचे हलले नाहीत.

दिवेलागणीला बाळा ओट्याशी आला. "जिंकलाव. तीन-दोन."

चाचांचा चेहरा उतरला. "माझ्याबिगर?"

"तुमच्याबिगर कसा? तुमच्या शिव्या आमी वाटून घेतलेल्या. सुक्या वाळूची रामानं घेतली, चेंडू न सोडणाऱ्याची अलीनं. सगळी पुळण तुमच्याच तोंडानं बोलत होती."

चाचांना हसू फुटलं. "मग तू का असा तोंड पाडून?"

"मला शिवी द्यायची कोणाची छाती झाली नाय. मी सुस्तावलो. गोल राखायला समोर कोणी नव्हता तरी दोन गोल हुकले."

"कुठच्या पायानं?"

"डाव्या."

मग वजीरचाचा ओट्यावर उभे राहिले आणि त्या दोन्ही गोलांच्या शिव्या त्यांनी बाळाला अख्ख्या मोहल्ल्यादेखत घातल्या. इतका भरदार आवाज त्यांना बोटीवरही कधी लागला नव्हता. बाळा मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत राहिला.