साहेबाचे राहिलेले चार दिवस

वारंगा फाट्यावर बस थांबली तेव्हा मी चहा घेतला, भजी खाल्ली आणि ज्या कागदांसाठी नाशिकहून इतक्या लांब आले होते, त्यांचीच पिशवी टपरीवर विसरून बसमध्ये चढले. कळमनुरी आल्यावर आठवण झाली. कंडक्टरने फाट्यावरच्या ओळखीच्या माणसाला फोन लावला आणि मला स्टँडवर बसवून तो पुढे गेला. तासाभराने मागच्या गाडीतून पिशवी आली, वर भज्यांचा तेलकट डाग घेऊन. वर्गातल्या पोरांना जन्मभर वेंधळी म्हणत इतिहास शिकवला, त्याची अशी परतफेड झाली.

पिशवीत एका इंग्रज कॅप्टनच्या रोजनिशीची प्रत होती. माझी भाची विलायतेत असते. तिच्या शेजारच्या आजीबाईंना माळ्यावर त्यांच्या आजोबांची वही सापडली. तिच्यात हिंगोलीचं नाव दिसलं म्हणून भाचीने प्रत मला धाडली. हा गृहस्थ तरुणपणी हिंगोलीच्या छावणीत होता. शिरडचा सटवा नावाचा माणूस त्याने घोड्यांच्या देखभालीला ठेवला, छावणी उठल्यावरही सोडला नाही, आणि पहिल्या महायुद्धात खेचरं हाकायला पूर्व आफ्रिकेत नेला. दोघेही तिथेच तापाने गेले. सटवाच्या बायकोला कळवायला हवं, असं शेवटच्या पानांत दोनदा लिहिलंय. कळवल्याची नोंद कुठेच नाही. साहेबलोकांविषयी मला प्रेम असं नव्हतंच; जे काही थोडंफार होतं, तेही ते वाचून आटलं.

हिंगोलीत छावणीची खूण शोधत दुपारभर फिरले. एका रसवंतीवाल्याने हिंदीत समजावलं, की आता इथे सगळे प्लॉट पडलेत, जुनं काही मिळायचं नाही. वर रस मात्र पाजला. मग औंढ्याला गाडी बदलून शिरड शहापूर गाठलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कमरेएवढी हळद उभी होती आणि सोयाबीन पिवळं पडू लागलं होतं. भादवा सरत आला होता. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती.

पारावर सटवाचं घर विचारलं तर एक म्हातारी म्हणाली, "ताटवाल्यायचं व्हय? मेंढरांच्या वाड्यापाशी जा."

घर चटकन सापडलं. गंगारामबाबा, म्हणजे सटवाचे नातू, घोंगडीवर बसले होते. वय ऐंशीच्या घरात, गालांवर पांढरे खुंट. ताटाची गोष्ट त्यांच्या सुनेने, कमलबाईंनी सांगितली. सटवा गेला तो गेलाच. कागद नाही, निरोप नाही. बारा वर्षं झाल्यावर क्रिया करून घ्या, असं भटजींनी सुचवलं होतं. पण सटवाच्या बायकोने कुंकू पुसलं नाही आणि क्रियाही होऊ दिली नाही. पितरांच्या दिवशी सगळ्यांचे घास कावळ्याला जात, सटवाचा नाही, कारण जित्या माणसाचा घास कावळ्याला घालत नाहीत. त्याचं ताट घरात वाढायचं, दाराकडे तोंड करून. ती वारली, मग तिच्या मुलाने वाढलं, आता बाबा वाढत होते. गावात काही जण म्हणत, सटवाने तिकडे दुसरी बायको केली आणि मजेत राहिला.

मी वही काढली. गोड शब्दांत सांगायचं असं रस्ताभर घोकलं होतं. बाबांनी त्याला वावच ठेवला नाही.

"बाई, मी आता जाणारा माणूस हाय. माझ्यामागं हे ताट कोण वाढंल? आजा मेला का न्हाई, येवढंच सांगा."

"मेला," मी म्हणाले.

कमलबाईंनी पदर तोंडाला लावला. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाचं मरण आपण आज या घरात आणलं, याचं मला फार वाईट वाटलं.

"अग्नी कोणी देला?" बाबांनी विचारलं.

मी ते पान वाचून मराठीत सांगितलं. पाऊस लागला होता. लाकडं ओली होती, चितेला दिवस गेला. बाकीचे खेचरवाले तापाने पडलेले, म्हणून कॅप्टनने स्वतःच्या हाताने आग दिली. त्या आजाऱ्यांनीच त्याला सांगितलं, की अग्नी देणाऱ्याला दहा दिवस सुतक असतं, दाढी करायची नाही. रोज तो दिवस मोजत होता. दाढी खाजते, असंही लिहिलं होतं. शेवटची नोंद सहाव्या दिवसाची. पुढे परक्या अक्षरात तो वारल्याचं लिहिलंय.

"आमचा माणूस नेला त्यानंच," बाबा म्हणाले. मग बोटांवर काहीतरी मोजलं. "चार दिवस राह्यले त्याचे."

रात्री भाकरी आणि अंबाडीची भाजी झाली.

सकाळी न्हावी आला तो कुरकुरतच. अमावास्येला वस्तरा लावू नये, असं त्याचं म्हणणं.

"शंभर वर्साचं सुतक हाय," बाबा म्हणाले. "अजून थांबवू काय?"

डोकं झालं, दाढीमिशा झाल्या. न्हावी वस्तरा पुसू लागला तसा बाबांनी त्याचा हात धरला आणि गुळगुळीत गाल पुन्हा पुढे केला.

"अजून एकदा फिरव. ही साहेबाची."

न्हाव्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने पुन्हा पाणी लावलं आणि नसलेली दाढी नीट, सावकाश काढली. मला रडू आवरलं नाही.

दुपारी पत्र्यावर दोन घास ठेवले, सटवाचा आणि साहेबाचा. कावळे आले. दाराकडे तोंड करून यंदा ताट वाढलं नाही. कमलबाईंनी ते पितळी ताट चिंचेने घासलं आणि त्यातच मला पुरणपोळी वाढली.

परतताना वारंगा फाट्यावर पुन्हा तोच चहा घेतला, या खेपेला पिशवी मांडीवर धरून. साहेबाला मी माफ केलंय का, ते मला अजून सांगता येत नाही. माफ करायचा अधिकार ज्यांचा होता, त्यांनी मला विचारलंही नाही. बस यायला वेळ होता म्हणून भाचीला फोन लावला आणि म्हणाले, शेजारच्या आजीबाईंना निरोप दे: तुमच्या आजोबांचं सुतक काल फिटलं.