घरच्या बेलवर बोट ठेवून उभा मॅनेजर

किस्से काही कोणी मुद्दाम जमवत नाही हो, ते कपाटातल्या जुन्या पिशव्यांसारखे आपोआप साठतात. आमच्या जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नच्या बेसबॉल क्लबात माझ्याकडे असे भरपूर साठलेत, आणि सगळे एकाच माणसाचे. आमचे जनरल मॅनेजर, जयंतराव सबनीस. मूळचे पुण्याचे, पेशाने इंजिनियर.

मॅनेजर खेळत नाही, शिकवतही नाही. टीममध्ये कोणाला घ्यायचं आणि कोणाला काढायचं, एवढंच त्याचं काम. आणि दर वर्षाअखेरीस त्याची कामगिरी कशी, स्वभाव कसा, हे कमिटीत बसून आम्ही ठरवायचं. लिहायचं काम अर्थात माझ्या गळ्यात!

*

एकदा एक पोरगा आउट झाला आणि त्याने रागाने हेल्मेट आपटलं. जयंतरावांचा आवाजही चढला नाही. "राग तुझा आहे, हेल्मेट क्लबचं आहे. राग घरी ने, हेल्मेट इथे ठेव."

पोरगा मुकाट्याने हेल्मेट पुसत बसला.

*

कोणाला काढायचं असेल तर जयंतराव ईमेल करत नसत. शनिवारी दुपारी स्वतः त्याच्या घरी जायचे, हातात बायकोने, माधवीने, केलेल्या चिवड्याचा डबा. समोर बसून सांगायचे, "तू चांगला आहेस, पण पुरेसा नाहीस." क्लबात म्हणच पडली होती, चिवडा आला की माणूस गेला!

एका दिवाळीला ते आमच्या कॅचरकडे, म्हणजे चेंडू झेलणाऱ्या श्टेफानकडे, फराळ घेऊन गेले. दारात डबा बघून तो पांढराफटक पडला.

"अरे, आज दिवाळी आहे!" जयंतराव म्हणाले.

"आल्झो... म्हणजे, दिवाळीत नोटीस किती दिवसांची असते?"

*

आता हसू येणार नाही, आधीच सांगते.

रोहन, त्यांचा एकुलता एक. आमचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. अठराव्या वर्षी त्याचं कोपर दुखावलं आणि वेग गेला. त्या शनिवारी जयंतराव चिवडा घेऊन बाहेर पडले, अर्धा तास गावात फिरले आणि स्वतःच्याच घराची बेल वाजवली.

माधवीने दार उघडलं. "अहो, किल्ली विसरलात?"

किल्ली खिशातच होती. त्यांनी रोहनला हाक मारली, समोर बसवलं आणि तेच वाक्य म्हटलं.

रोहन डार्मश्टाटला शिकायला निघून गेला. आईशी रोज बोलायचा, तेही जर्मनमध्ये. बाप स्क्रीनवर दिसला की फोन बंद. अशी दोन वर्षं! माधवी माझी शेजारीण, मला म्हणायची, "त्याने नुसतं 'बाबा' म्हटलं ना, तरी मला पुरे." मला तिच्याकडे बघवायचं नाही.

*

त्या वर्षीच्या मीटिंगमध्ये आमच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "कामगिरी उत्तम, स्वभाव दगड!"

माझं डोकंच फिरलं. "त्या दगडाला दर रविवारी पोराच्या रिकाम्या खोलीतली चादर बदलताना मी बघितलंय. तुम्ही बघितलंय का?"

जयंतरावांना मात्र मी हे कधी सांगितलं नाही.

*

यंदा मार्चमध्ये नव्या खेळाडूंची निवड होती. टेबलाशी जयंतराव, शेजारी मी. यादीतल्या प्रत्येक नावापुढे ते लिहीत होते, घेतला, नाही, नाही, घेतला.

रांगेत शेवटी रोहन उभा! बापाकडे न बघता तो मैदानात गेला.

पहिला चेंडू मातीत. दुसरा श्टेफानच्या डोक्यावरून. तिसरा पोचला, पण त्यात जीव नव्हता. रोहन कोपर दाबत टेबलाशी आला. श्टेफान बुटाची नाडी बांधायला खाली वाकला, ती सुटलेलीच नव्हती.

जयंतरावांनी बराच वेळ पेन नुसतं धरून ठेवलं. मग रोहनच्या नावापुढे लिहिलं, घेतला.

देवाशपथ, मीही तेच लिहिलं असतं.

रोहनने यादी वाचली. बापाच्या हातातलं पेन हळूच काढून घेतलं, स्वतःच्या नावावर रेघ मारली आणि पेन परत त्यांच्या हातात ठेवलं.

"बाबा," तो मराठीत म्हणाला, "तू तरी खोटं लिहू नकोस."