खिडक्यांवरची फॉइल

सौदीतल्या अबकैक गावच्या घरात पाऊल ठेवल्यावर मी आधी काय केलं असेल, तर सगळ्या खिडक्यांना आतून फॉइल चिकटवली. इथं सगळेच चिकटवतात, नाहीतर एसी लावूनही घर तापतं. लेक शाळेला जायची तीही पडदे ओढलेल्या व्हॅनमधून. आम्ही बायका भेटलो की कुणाचं घर किती गार, हेच बोलायचो.

लेक दुसरीत गेली आणि तिचे पाय दुखायला लागले. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "वाढतं अंग आहे, तेल चोळ." मी चोळत राहिले. मग ती म्हातारीसारखी कठडा धरून जिना चढायला लागली.

रक्त तपासल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "ही उन्हात खेळते का?" मला हसूच आलं. सौदीत राहून उन्हाची कमतरता? ते हसले नाहीत. म्हणाले, "हाडं मऊ पडताहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रागारागानं फॉइल ओरबाडून काढली, खिडकी उघडली. कोवळं ऊन थेट तिच्या पायांवर पडलं. तिनं पाय झटकन पोटाशी घेतले आणि सरकत सरकत कपाटामागच्या अंधारात जाऊन बसली.

"मम्मी, बंद करो," ती आतून शाळेतल्या हिंदीत म्हणाली.