पंचफुलाबाईला दिलेली भिंत

हिंगोलीच्या जनावरांच्या बाजारामागे निजामाच्या काळात एक लांबलचक मातीची भिंत होती, आणि ती एका बाईला दिलेली होती, असं मी लहानपणापासून ऐकत आलो. दिलेली म्हणजे काय? जमीन देतात, बैलजोडी देतात, फार तर शब्द देतात. भिंत कुणी कुणाला देतं का? मला नसत्या चौकशांची खोड आहे, घरचे त्याला भोचकपणा म्हणतात. जो म्हातारा भेटेल त्याला विचारत सुटलो, आणि तुकड्यातुकड्यांनी पंचफुलाबाई हाती लागली.

ती सेनगावकडच्या एका शेतकरी धनगराची लेक. माहेरी सणासुदीला भिंती सारवून त्यावर चित्रं काढायची रीत होती, आणि हिचा हात असा की नागपंचमीला बाया हिला घरोघर ओढून न्यायच्या. लग्न झालं भुजंगाशी. भुजंग भला माणूस, पण त्याचा सगळा संसार मेंढरांच्या मागे. आज या वावरात पाल ठोकायचं, उद्या मोडायचं. पालाला भिंत कुठून असणार? चित्रं काढणारीला भिंतच नाही, यापेक्षा मोठी थट्टा दैवानं कुणाची केली नसेल. मुक्काम हिंगोलीजवळ असला की ती सणाला लोकांच्या भिंती मागत फिरायची. एका पोळ्याला तिनं शंकरसिंगांच्या गोठ्याच्या भिंतीवर बैल काढले.

शंकरसिंग बलदियाचे, म्हणजे तेव्हाच्या नगरपालिकेचे, मेंबर. त्यांना कलेचा पुळका होता असं मुळीच समजू नका. बाजाराची भिंत लोक पान खाऊन रंगवत होते, आडोसा बघून आणखीही काही करत होते, आणि दंडाला कुणी भीक घालत नव्हतं. पण गोठ्याच्या भिंतीवर बैल आल्यापासून तिथं गडीसुद्धा थुंकेनात, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी बैठकीत ठराव मांडला. बाजाराची भिंत पंचफुलाबाईला द्यावी, चुना, गेरू आणि नीळ बलदियानं पुरवावी, वर सणाला तिला लुगडं आणि ज्वारी द्यावी. धर्मसिंग नावाचे दुसरे मेंबर हसले, पण थुंकीला तेही कंटाळले होते. ठराव मंजूर झाला.

पुढच्या पोळ्याला पंचफुलाबाईनं काडीला लोकरीचा बोळा बांधला आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बैल काढले. झुली, गोंडे, मागून चालणाऱ्या बाया, आणि मध्येच, बैलांना वाट देत थांबलेली आगगाडी. डोळे सगळ्यात शेवटी, पोळ्याच्या सकाळी. गाव लोटलं. शंकरसिंगांनी लाडात येऊन म्हटलं, आमचंही चित्र काढ की. ती म्हणाली, तुमचं न्हाई काढनार. का, ते काही सांगेना. शंकरसिंग आठवडाभर त्याच विचारात होते म्हणे.

परभणीहून जिल्ह्याचा साहेब यायचा होता, त्याला भिंत दाखवायची म्हणून बलदिया नटून बसली होती. आणि पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी लोक बाजारात येतात तो पंचफुलाबाई शेणकाल्याची बादली घेऊन भिंत सारवत होती. निम्मे बैल गेले होते, आगगाडी गेली होती. बलदियाला खबर लागेतो उरलेलेही गेले, मग तिनं लगोलग भिंतीवर पहारेकरी बसवला. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात तो हा असा. कोऱ्या भिंतीची राखण करत बिचारा दिवसभर उन्हात उभा होता.

तिला बैठकीत बोलावलं. धर्मसिंग तापले होते. बलदियाचा माल हिनं मातीत घातला, आता भिंत काढून घ्या आणि नांदेडहून तेलाच्या रंगाचा माणूस आणा, असं त्यांचं म्हणणं. पंचफुलाबाई दाराशी उभी होती. भिंत जाणार एवढं तिला कळलं होतं, आणि आयुष्यात मिळालेली ती एकच भिंत होती. शंकरसिंगांची तर हात दाखवून अवलक्षण अशी गत झाली होती, पण त्यांना रागापेक्षा नवल जास्त वाटत होतं. त्यांनी विचारलं, काहून पुसलं?

ती म्हणाली, "पुसलं न्हाई, उठवलं. सणाला बसवलं ते सण सरल्यावर उठवाच लागतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिशी बैलाची झूल तुमी काढता का न्हाई? रोज पोळा केला तर वावर कोन नांगरल?"

धर्मसिंग म्हणाले, साहेबाला काय दाखवू मग? शंकरसिंगांनी तेवढ्यात विचारलं, दिवाळीला काय काढणार होतीस? ती म्हणाली, ते आता कसं सांगू, दिवाळीला दिसंल. झालं. बैठकीतले सगळे मेंबर, धर्मसिंग धरून, त्याच विचाराला लागले की ही दिवाळीला काय काढेल. भिंत दिवाळीपर्यंत तिच्याकडेच ठेवावी असं ठरलं. साहेबानं कोरी भिंत बघितली आणि भिंत स्वच्छ ठेवल्याबद्दल बलदियाची पाठ थोपटली.

ती दिवाळी झाली, मग नागपंचमी, मग पुन्हा पोळा. भिंत काढून घ्यायची गोष्ट पुढे कुणी काढली नाही. सण जवळ आला की शंकरसिंग स्वतः चुना घेऊन पालावर जायचे आणि विचारायचे, या खेपेला काय? आणि आमचं कधी काढणार? एकदा मात्र ती बोलून गेली, "तुमचं काढलं तर तुमी उठवू देनार न्हाई."

अठ्ठेचाळीस साली रझाकारांच्या भीतीनं भुजंगाची मेंढरं हद्दीपलीकडे वऱ्हाडात गेली. त्या पोळ्याला भिंत कोरी राहिली. पोलीस ॲक्शन झाली, मग दिवाळीच्या तोंडावर पाल परत आलं. पंचफुलाबाई तापानं खंगली होती, तरी पाडव्याला भिंतीशी उभी राहिली, बोळा बुडवून द्यायला सून मनकर्णा होती. तिनं घरी परतणारी मेंढरं काढली, माणसं काढली, आणि कडेला हात मागं बांधून चित्र बघत उभा असलेला एक पटकेवाला. डोळे काढल्यावर सगळ्या गावानं ओळखला. शंकरसिंग भिंतीसमोर उभे राहून लहान मुलासारखे रडले.

भाऊबीजेच्या दिवशी पंचफुलाबाई गेली.

घरच्यांना सुतक. सुतकात चित्र उठवता येत नाही, आणि सण तर सरला होता. बलदियाच्या बैठकीत धर्मसिंगांनीच मांडलं की हे शेवटचं चित्र आहे, यावर पत्र्याची छपरी घालू आणि जपू. सगळ्यांनी माना डोलावल्या. शंकरसिंग उठून गेले आणि बाजारात दिसले ते शेणकाल्याची बादली घेऊन. ज्यांच्या घरी पाण्याचा तांब्या गडी हातात देत असे, त्यांनी कोपरापर्यंत हात माखून आधी मेंढरं सारवली, मग माणसं, आणि सगळ्यात शेवटी स्वतःला.

धर्मसिंग धावत आले तोवर पटकाही गेला होता. त्यांनी एवढंच विचारलं, "तिनं तुमाला काढलं होतं ना?"

"व्हय," शंकरसिंग म्हणाले, "उठवीन म्हनूनच काढलं."

मग त्यांनी भुजंगाच्या सुनेला, मनकर्णाला, निरोप धाडला की सुतक फिटलं की ये, चुना भिजत घालून ठेवतो.